खातूनबींची पेटी आणि फाट्याचा रस्ता

रस्ता चांगला की वाईट हे ठरवायची सरकारी पद्धत काय असते, ते चिंचसरमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गावाची पद्धत मात्र बरीच वर्षं एकच होती. खातूनबी मणेर एखाद्या वस्तीवर बांगड्या भरायला गेल्या की अंगणात पेटी उघडून आधी फुटक्या काचा बाजूला काढायच्या. मूठभर निघाल्या तर रस्ता बरा. ओंजळभर निघाल्या तर वाईट. ओढ्यापलीकडच्या माळवस्तीवर त्या काचा निवडायला सूप मागून घ्यायच्या.

बांगडी फुटली असं आमच्याकडं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या हिशेबानं माळवस्ती हा कडेगाव तालुक्यातला सर्वांत भरभराटीचा भाग होता.

खातूनबींचे यजमान दस्तगीर यांचं स्टँडवर पंक्चरचं दुकान. ज्या खड्ड्यात बायकोच्या बांगड्या जायच्या, त्याच खड्ड्यानं नवऱ्याचं गिऱ्हाईक यायचं. इतका समतोल संसार पाहण्यात नाही. मुलगा अफताब कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर आहे. तो रविवारी मोटारसायकलवरून घरी येतो आणि उतरल्या उतरल्या रस्त्याबद्दल जे बोलतो, ते छापता येणार नाही.

खातूनबी लग्न होऊन आल्या आणि थोड्याच दिवसांत सासूनं अंथरूण धरलं. पेटी सुनेच्या डोक्यावर आली. तेव्हा स्कूटी नव्हती, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पेटी. माळवस्तीला पहिल्यांदा निघाल्या आणि ओढ्याच्या उतारावर पाय घसरला. पेटी दगडावर आपटली. उघडून बघितलं तर आत रंगीत काचांचा चुरा. त्या तिथंच खाली बसल्या. सासूला काय सांगायचं, हा एकच प्रश्न डोक्यात.

माळवस्तीवरची भामाबाई ओढ्यावर धुणं धूत होती. तीही नवीच लग्न होऊन आलेली, पण तोंडानं जुनी. तिनं धुणं टाकलं, खातूनबींना उठवून घरी नेलं, चहा पाजला आणि दारोदार फिरून वस्तीतल्या बायका गोळा केल्या. "जे शाबूत हाय ते घाला हातात. रंग बघायचा न्हाई," असा हुकूम सोडला. त्या दिवशी सगळ्या माळवस्तीत कुणाच्याही हातात एकसारखी जोडी नव्हती. हिरव्यात लाल, लालात जांभळी. खातूनबी रिकामी पेटी घेऊन घरी गेल्या आणि सासू म्हणाली, पोरगी धंद्याला लागली.

तेव्हापासून भामाबाईचं दार हे खातूनबींचं या गावातलं दुसरं घर. बांगड्या भरून झाल्या की बाईनं भरणाऱ्याला नमस्कार करायचा, मग ती वयानं मोठी का असेना, अशी रीत आहे. भामाबाई दर वेळी नमस्कार करायची आणि दर वेळी वाकता वाकता म्हणायची, "पाया पडते खरी, पण एक बांगडी वर घाल." भामाबाईची लेक समीक्षा जन्मली तेव्हा तिच्या मनगटातल्या पहिल्या काळ्या बांगड्या खातूनबींच्या. लग्नातला चुडाही त्यांचाच.

अशा बाईला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उभं करणं, हा चिंचसरमधल्या दोन्ही पार्ट्यांनी मिळून केलेला एकमेव शहाणपणा. अर्थात तो त्यांनी शहाणपणा म्हणून केला नव्हता. प्रभागातली जागा बाईसाठी राखीव निघाली, एकमेकांच्या नावाला दोघांचाही विरोध, तेव्हा मधलं नाव म्हणून खातूनबी. पण ऐन वेळी दोघांनीही शब्द फिरवून आपापल्या वहिन्या उभ्या केल्या. खातूनबी मग तशाच उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. मतदान गुप्त असतं हे खरं, पण त्या प्रभागात असा एकही उंबरा नव्हता जिथल्या बाईचा हात त्यांनी हातात धरला नव्हता.

सरपंच पृथ्वीराज हा तरणाबांड गडी. फ्लेक्सवर उठून दिसतो. त्यानं खातेवाटप केलं तेव्हा पाणी, शाळा, दिवाबत्ती भराभर उचलली गेली. रस्ते कुणी घेईना. रस्त्याचं काम घेणाऱ्याला एक वस्ती दुवा देते आणि बाकीच्या शिव्या देतात, हे सगळ्यांना माहीत.

"चाची, रस्ते तुमच्याकडं," पृथ्वीराज म्हणाला. "तुमी सगळीकडं फिरता."

"फिरते म्हणून तर भ्या वाटतंय," खातूनबी म्हणाल्या. पण घेतले.

त्याच आठवड्यात त्या माळवस्तीवर गेल्या आणि भामाबाईच्या पायरीवर बसून शब्द देऊन बसल्या: पहिला रस्ता माळवस्तीचा. समीक्षाला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे ती ऐन पावसाळ्यात माळवस्तीवर असणार. जावई फौजेत, तिकडं लांब सरहद्दीवर. जबाबदारी सगळी भामाबाईवर.

"पोरीला घिऊन ह्या रस्त्यानं जायची पाळी येऊ दिऊ नगंस," भामाबाई म्हणाली.

"न्हाई येत. सूप आण," खातूनबी म्हणाल्या आणि काचा निवडू लागल्या.

गावचा वर्षाचा विकास आराखडा करायचा म्हणून पंचायत समितीतून संयोगिता नावाच्या अभियंता बाई आल्या. निधी एकाच रस्त्याला पुरेल एवढा. खातूनबींनी त्यांना सरळ माळवस्तीवर नेलं. बाईंनी रस्ता पाहिला. पाहायला फार वेळ लागला नाही, कारण रस्ता फारसा उरला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "आता तुमचा चांगला रस्ता दाखवा."

चांगला रस्ता म्हणजे स्टँडवरून फाट्यापर्यंतचा, डांबरी. ऊस, दूध, शाळेची गाडी, एसटी सगळं त्यावरून. माळवस्तीची वाटसुद्धा शेवटी येऊन त्यालाच मिळते. तिथं पोचल्यावर संयोगिताबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि रस्त्यावर ओतली. भोवती माणसं जमली. त्यात माळवस्तीवरचे नाथाजी होते, फौजेतून रिटायर होऊन ट्रॅक्टर चालवणारे.

"मॅडम, रस्त्याला तहान लागली व्हय?" नाथाजींनी विचारलं.

"पाणी कुठं जातंय ते बघा," बाई म्हणाल्या.

पाणी कुठंच गेलं नाही. कडेच्या साइडपट्ट्या गवत आणि माती साठून रस्त्यापेक्षा उंच झाल्या होत्या. पाणी मधेच थबकलं आणि केसासारख्या बारीक तड्यांत मुरून गेलं.

"मावशी, हा रस्ता आजारी आहे," बाईंनी खातूनबींना सांगितलं. "माळवस्तीचा मेलाय. मेलेल्याला एक वर्ष आणखी थांबवलं तर काही बिघडत नाही, तो मेलेलाच राहतो. ह्याचे तडे यंदा भरले नाहीत, पाण्याला वाट दिली नाही, तर पुढच्या साली तुमच्याकडं दोन मेलेले रस्ते असतील आणि पैसे एकाचेच."

"आमच्यात तडकलेली बांगडी टाकून देत्यात," खातूनबी म्हणाल्या. "गिऱ्हाइकाच्या हाताला लागायच्या आत. तुमचं उलटंच की."

"रस्ता टाकून कुठं देणार?"

खातूनबींनी स्कूटी घराकडं वळवली. त्या घरी आल्या आणि दोन दिवस बांगड्या भरायला गेल्या नाहीत. पेटी उघडून नुसत्या बसायच्या. बाईंचं म्हणणं त्यांना पटलं होतं आणि हीच पंचाईत होती. पटलं नसतं तर काम सोपं होतं.

ग्रामसभा भरली. एरवी कोरम भरायला दस्तगीरच्या दुकानातून माणसं उचलून आणावी लागतात, पण त्या दिवशी माळवस्ती झाडून आली होती. खातूनबी उठल्या आणि म्हणाल्या, यंदा फाट्याच्या रस्त्याचे तडे भरायचे, साइडपट्ट्या खरवडायच्या आणि गटारं उघडायची. माळवस्तीचा रस्ता पुढच्या साली.

माळवस्तीची माणसं उठून उभी राहिली.

"चांगल्या रस्त्याला काय सोन्यानं मढवायचंय?" कुणीतरी मागून ओरडलं. मग सगळेच ओरडले. संयोगिताबाईंनी आजारी आणि मेलेला हा दृष्टान्त पुन्हा सांगितला. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून भामाबाई उभी राहिली.

"आवं मॅडम, आमचा रस्ता मयत झालाय हे आमाला ठावं हाय," ती म्हणाली. "पर मयत घरात किती दिस ठेवायचं आसतं, ते सांगा की."

सभा खदखदून हसली. संयोगिताबाईही हसल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई हसत नाहीये.

"मॅडमला इचारू नगंस, भामा," खातूनबी म्हणाल्या. "ठरवलंय मी."

"तू? माझ्या पायरीवर बसून काय बोलली हुतीस?"

"बोलले हुते. चुकून बोलले. मला तवा ठावं नव्हतं."

"आता ठावं झालं, व्हय? मेंबर झालीस." भामाबाईनं पदर खोचला आणि ती निघून गेली. माळवस्ती तिच्यामागून गेली. राहिलेल्यांनी ठराव मंजूर केला. फाट्याच्या रस्त्यालाच त्यांची घरं होती, त्यामुळं त्यात त्यांच्या मनाचा मोठेपणा पाहण्याचं कारण नाही.

पण त्या घरांचीही परीक्षा पुढं होतीच. गटार उघडायचं म्हणजे काय, हे ठराव करताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडं दारात लग्न निघालं की मांडवासाठी गटार मुरमानं बुजवायची पद्धत आहे. लग्न होतं, मांडव निघतो, मुरूम राहतो. पुढं त्यावरून गाडी आत घेता येते. असं करत करत फाट्याच्या रस्त्याचं गटार गावातल्या लग्नांखाली गाडलं गेलं होतं. दर पावसाळ्यात स्टँडपाशी गुडघाभर पाणी साठायचं आणि त्यात गाड्या बंद पडायच्या. तो पाऊसमानाचा दोष समजला जाई.

यातला सर्वांत मोठा भराव दस्तगीरच्या दुकानापुढं होता, लग्न नसताना घातलेला. जेसीबी आला तेव्हा खातूनबींनी तो आधी तिथंच उभा केला. नवराबायको एरवी दखनीत भांडत. त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत भांडली.

"माझं गिऱ्हाईक गाडी काय डोक्यावर उचलून आणणार?" दस्तगीर म्हणाले.

"फळी टाका."

"शेजारच्या पाव्हण्यांचं दुकान दिसलं न्हाई तुला पयलं उकरायला?"

"पाव्हण्यांच्या घरात मी निजत न्हाई. तुमचं उकरलं न्हाई तर बाकीचे मला उकरतील."

दस्तगीरनी जेसीबीवाल्याकडं पाहिलं. जेसीबीवाला त्यांचं जुनं गिऱ्हाईक, तो आभाळाकडं पाहू लागला. भराव निघाला. संध्याकाळपर्यंत दस्तगीरनी एक जाड फळी आणून टाकली आणि तिच्यावर खडूनं 'पंक्चर' असं लिहिलं. मग पुढच्या घरांना बोलायला तोंड राहिलं नाही. महिनाभरात सगळ्या रस्त्याकडेला फळ्या आल्या. सरपंच पृथ्वीराजला एवढंच वाईट वाटलं की गटार उघडण्याचं भूमिपूजन करता येत नाही. जे आहे ते काढायचं असतं, नारळ फोडायचा कशावर? फ्लेक्सही लागला नाही. चिंचसरच्या इतिहासात फोटोशिवाय झालेलं हे पहिलं विकासकाम.

उसाच्या ट्रॉल्या थांबल्यावर तडे डांबरानं भरले. रस्त्यावर काळ्या रेघोट्या उमटल्या, लहान पोरानं पाटी गिरवावी तशा. पाहून कुणालाही बरं वाटावं असं त्यात काही नव्हतं.

समीक्षा सातव्या महिन्यात माहेरी आली. भामाबाईनं डोहाळजेवण घातलं आणि हिरव्या बांगड्यांचा बॉक्स कडेगावच्या बाजारातून आणवला. घरच्या घरी आपल्या नणंदेकडून लेकीच्या हातात घालून घेतल्या. खातूनबींना बोलावणं नव्हतं. ही बातमी त्यांना स्टँडवर माळवस्तीच्याच बनुबाईनं सांगितली, दुःख वाटून घ्यायला आल्यासारखी.

"बांगड्या ढगळ झाल्यात म्हणं पोरीला," बनुबाई म्हणाली.

"तिचं माप भामाला ठावं न्हाई. ते माझ्या हाताला ठावं हाय," खातूनबी म्हणाल्या. एवढंच. पण त्यानंतर माळवस्तीच्या वाटेला त्यांची स्कूटी वळली नाही. वस्तीतल्या बायकांनीही बोलावलं नाही. बांगडी ही अशी वस्तू आहे की ती कडेगावात मिळते, तालुक्यात कुठंही मिळते. खातूनबींचं नुकसान बांगड्यांचं नव्हतं.

एकदा मात्र त्या नाथाजींच्या शेताच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या.

"आषाढात ट्रॉली रिकामी ठेवशील का रं?" त्या म्हणाल्या. "आन ट्रॅक्टर वस्तीच्या तोंडाला लावत जा. बॅटरी बघून."

"भामाआक्कानं सांगितलंय व्हय?"

"मी सांगतीय. तिला सांगू नगंस."

नाथाजी फौजेतले. कारण न विचारता हुकूम पाळायची त्यांना सवय होती आणि रिटायर झाल्यापासून हुकूम मिळत नाही याची खंतही होती. त्यांनी ट्रॅक्टर लावला.

आषाढात एका सकाळी समीक्षाला कळा सुरू झाल्या. पहाटेपासून पाऊस कोसळत होता. माळवस्तीचा रस्ता एरवीही नावालाच होता, त्या दिवशी तर त्याची आठवणही उरली नाही. भामाबाई अंगणात येऊन हाका मारते तोवर नाथाजींनी ट्रॉलीत गादी टाकून वर ताडपत्री बांधली होती. ट्रॅक्टर ओढ्यातून, चिखलातून, गोगलगाईच्या चालीनं निघाला. भामाबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. हे पार केलं तरी पुढं स्टँडपाशी गुडघाभर पाणी असणार. मागच्या पावसाळ्यात तिथंच दुधाची गाडी बंद पडली होती. फोन करून बोलावलेली ॲम्ब्युलन्स स्टँडच्या पलीकडंच थांबणार आणि पोरीला उचलून न्यावं लागणार.

ट्रॅक्टर डांबरीवर चढला तर ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावर उभी होती. माळवस्तीची वाट डांबरीला मिळते तिथं, स्टँडच्या अलीकडं.

"पाण्यातनं आली कशी?" भामाबाईनं ड्रायव्हरला विचारलं.

"कुठल्या पाण्यातनं?" ड्रायव्हर म्हणाला.

गाडी स्टँडवरून निघाली. दस्तगीरच्या दुकानापुढून गटार तुडुंब भरून धावत होतं. त्याच्या वर फळी, फळीवर खडूचं धुऊन निघालेलं 'पंक्चर', आणि रस्ता नुसता ओला. काळ्या रेघोट्यांवरून गाडी गेली तेव्हा समीक्षाला हिसका बसला नाही. भामाबाई खिडकीतून गटाराकडं पाहत राहिली. गटाराकडं कुणी इतक्या प्रेमानं पाहिल्याचं ऐकिवात नाही.

दुपारी कडेगावच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बारशाच्या आदल्या दिवशी भामाबाईचे यजमान सिद्धू स्टँडवर आले. हा माणूस बोलत नाही, बायकोचा निरोप असेल तेवढाच पोचवतो. दुकानापुढच्या फळीवर उभं राहून ते म्हणाले, "काळ्या बांगड्या घिऊन ये म्हणलीय. आन पोरीच्या हातातल्या त्या ढगळ काढायच्यात." मग स्वतःच्या पदरची भर घातली. "नाथाजी बोलला आमाला. ट्रॉलीचं."

खातूनबी बारशाला गेल्या. ओढ्याशी स्कूटी लावली आणि पुढं पेटी डोक्यावर घेऊन चिखलातून चालत. अंगणात पोचल्या तर सूप आधीच बाहेर मांडून ठेवलेलं.

"किती वाढल्या?" भामाबाईनं विचारलं.

"रस्ता तुजा. तूच मोज."

"माजा कसला? मयत हाय त्यो."

"पुढल्या साली उठीवते."

"मागच्या खेपंला असंच बोलली हुतीस."

"तवा मेंबर नवी हुते. आता ठावं झालंय."

भामाबाई खळखळून हसली. समीक्षाच्या हातात मापाच्या हिरव्या बांगड्या चढल्या, बाळाच्या मनगटात काळ्या. मग भामाबाईनं स्वतःचा हात पुढं केला. खातूनबींनी भरल्या आणि एक बांगडी न मागता वर घातली. भामाबाई नमस्काराला वाकली आणि नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ वाकलेली राहिली. तेवढ्यात काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. वर उठल्यावर ती एवढंच म्हणाली, "जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

पुढच्या हिवाळ्यात माळवस्तीचा रस्ता झाला. ओढ्यावर मोरी, दोन्ही अंगांना गटार, मग खडी, मग डांबर. या खेपेला पृथ्वीराजनं फ्लेक्स लावला. त्यावर खासदारांपासून ग्रामपंचायतीच्या शिपायापर्यंत सगळ्यांचे फोटो होते. खातूनबींचा नव्हता, कारण त्यांच्याकडं द्यायला फोटोच नव्हता आणि काढून घ्यायला त्यांना सवड नव्हती. नवा रस्ता दिसतो, त्याचे आभार मानायला अख्खा फ्लेक्स असतो. न बिघडलेला रस्ता दिसत नाही. स्टँडपाशी साठलं नाही ते पाणी, बंद पडली नाही ती ॲम्ब्युलन्स, मेला नाही तो रस्ता, यांचे आभार कुणी कुणाचे मानायचे, याची सोय अजून निघालेली नाही. म्हणून ते इथं मानून ठेवले आहेत.

रस्ता झाल्यावर सिद्धूंनी दारातून मोटारसायकल आत घ्यायला म्हणून मुरमाची पाटी उचलली. गटारात टाकणार, तोच ओसरीवरून भामाबाईचा आवाज आला.

"काय करताय?"

"गाडी आत घ्यायची हाय."

"फळी टाका."

सिद्धूंनी पाटी खाली ठेवली आणि फळी शोधायला गेले.

आता माळवस्तीवर खातूनबींना सूप लागत नाही. पण भामाबाई दर महिन्याला ग्रामपंचायतीत येते. साइडपट्टीला गवत आलंय, मोरीत पाचट अडकलंय, शाळेच्या वळणावर केसाएवढा तडा गेलाय, अशी तक्रार घेऊन. मागच्या खेपेला ती खातूनबींच्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुजा रस्ता आजारी पडायला लागलाय, मेंबरीणबाई. का मरायची वाट बघतीयास?"

"चल, दाखव," खातूनबी म्हणाल्या, आणि जाताना पाण्याची बाटली भरून घेतली.